मेळाव्यात माझा भाजलेला हात दाखवू देण्याबाबत

प्रति,
मा. गटविकास अधिकारी साहेब,
पंचायत समिती, येळवण,
जिल्हा सांगली.

अर्जदार: कु. अर्शिया चांदसाहेब मुलाणी, इयत्ता दहावी (ब), माध्यमिक विद्यालय, पिंपरखोरी, तालुका येळवण.

विषय: दि. १२ ऑक्टोबर रोजी आपल्या आवारात होणाऱ्या गूळ-हळद उत्पादक मेळाव्यात भाजल्यावरच्या प्रथमोपचाराचे प्रात्यक्षिक करण्यास, व त्या वेळी अर्जदाराचा स्वतःचा डावा हात लोकांस दाखवण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: आपल्या कार्यालयाचे नकाराचे पत्र, दि. २२ सप्टेंबर २०२५.

महोदय,

आपणांस कधी चटका बसला आहे काय, आणि बसला असल्यास आपण त्यावर सर्वप्रथम काय लावले?

हा प्रश्न सरकारी अर्जात विचारायची माझी छाती होणार नाही, अशी पैज माझ्या वर्गातल्या मुलींनी लावली होती. माझी मैत्रीण प्रियंका बनसोडे तर म्हणाली, "सायबाला असलं इचारलंस तर महिनाभर तुझं दप्तर मी वाहीन." तरी आपण उत्तर दिले नाही तरी चालेल, परंतु प्रश्न विचारला गेला याची आवक रजिस्टरला नोंद व्हावी, ही विनंती. दहावीचे दप्तर जड असते.

१. माझे वडील श्री. चांदसाहेब मुलाणी हे पिंपरखोरीतील आण्णांच्या गुऱ्हाळावर गुळव्या आहेत. गुळव्या म्हणजे काहिलीत उकळणारा उसाचा रस नेमका कोणत्या क्षणी गूळ झाला हे ओळखणारा माणूस. आपण गूळ खात असाल तर त्यात कुठल्या ना कुठल्या गुळव्याचा डोळा आहे. त्यांच्या शेजारी कायम थंड पाण्याचे घमेले ठेवलेले असते. थेंबभर पाक त्या पाण्यात टाकायचा, बोटांनी त्याची गोळी बांधली जाते का बघायचे, बांधली गेली की "उतरवा!" म्हणून ओरडायचे. अब्बांचे हे ओरडणे आमच्या घरापर्यंत ऐकू येते आणि अम्मी त्यावर चहाचे आधण ठेवते.

२. मी सहा वर्षांची असताना असाच गूळ उतरला. आमच्याकडे रीत अशी की गरम गूळ निवायला उथळ वाफ्यात ओतला की गावातल्या पोरांना उसाच्या कांडक्यावर थोडा थोडा मिळतो. मी सगळ्यांच्या पुढे घुसले, पाय घसरला, आणि डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत वाफ्यात गेला. पुढचे मला सांगोवांगी माहीत आहे. आण्णांनी पळत जाऊन घरची हळद आणली, तीही साधी नव्हे, सांगलीच्या बाजारात भाव खाऊन जाणारी. ती मूठ मूठ दाबली. कामावरच्या शालूबाईंनी वरून टूथपेस्ट लावली. आणखी कुणी म्हणाले शाई लावा, तर कुणी पेनच पुढे केला. सगळ्यांनी मायेनेच केले, त्याबद्दल माझी कुणाविरुद्ध काहीही तक्रार नाही. फक्त एवढेच की बोअरचे थंडगार पाणी चार पावलांवर हौदात पडत होते, आणि अब्बांचे घमेले तर पायाशीच होते. कुणाचा हात तिकडे गेला नाही. कारण आमच्याकडे सगळ्यांना पक्के माहीत आहे की भाजल्यावर पाणी लावले की फोड येतो.

३. सांगलीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी मला बघून विचारले म्हणे, "ही पोरगी भाजली आहे की हिचं लग्न आहे?" इतकी मी पिवळी होते. जखम किती खोल आहे हे कळायला आधी ती हळद धुऊन काढावी लागली. ते धुणे भाजण्यापेक्षा जास्त दुखले असे अम्मी सांगते, आणि मी कितीही मोठी झाले तरी हे सांगताना तिचा आवाज बदलतो. पुढे कातडी आखडून मनगट वर वळले. सातवीत ऑपरेशन झाले, आता हात सरळ आहे. मी त्याने डबा धरते, केस विंचरते, कबड्डीत पकडते. प्रियंकाला विचारावे, सुटून दाखव म्हणावे.

४. आता मुद्दा. जूनमध्ये आमच्या शाळेत सांगलीच्या एका दवाखान्याच्या भाजलेल्यांच्या वॉर्डातल्या पल्लवी सिस्टर आल्या होत्या. त्यांनी सांगितले ते मी जसेच्या तसे सादर करते, म्हणजे प्रात्यक्षिकात काय होणार हे कार्यालयास कळेल. भाजलेला भाग लगेच वाहत्या, थंड, साध्या पाण्याखाली धरायचा. बर्फ नाही. वीस मिनिटे धरायचा, घड्याळ लावून, कारण आपल्याला दोन मिनिटांतच वीस झाली असे वाटते. सूज येण्याआधी बांगड्या, अंगठी, दोरा काढायचा. चिकटलेला कपडा ओढायचा नाही. मग स्वच्छ, कोरड्या कापडाने सैल झाकून दवाखाना गाठायचा, १०८ ला फोन करायचा. अंगावरच्या कपड्यांनी पेट घेतला तर पळायचे नाही, जमिनीवर लोळायचे. लहान बाळ असेल तर बाकीचे अंग उबदार ठेवायचे. आणि हळद, टूथपेस्ट, शाई, तूप, कोंबडीच्या अंड्याचा बलक यांपैकी काहीही नाही.

त्यांनी असेही सांगितले की जगात दरवर्षी सुमारे एक लाख ऐंशी हजार माणसे भाजून मरतात. त्यांतली बहुतेक आपल्यासारख्या देशांतली, बहुतेक घरात नाहीतर कामाच्या जागी, आणि त्यांत बायका जास्त. जी जगतात त्यांच्या आखडलेल्या बोटांची, वळलेल्या मनगटांची, सुटलेल्या शाळांची मोजदाद तर नीट होतच नाही. मला वाटले, हा आकडा कुठे दूर परदेशात थोडाच तयार होतो? तो आमच्या चुलीवर, टपरीवरच्या चहाच्या पातेल्यात, वडापावच्या कढईत आणि आण्णांच्या काहिलीतच थेंब थेंब तयार होतो.

मागच्याच हंगामात प्रियंकाचा भाऊ प्रबुद्धदादा याच्या पायावर पाक उडाला. तो काहिलीखालच्या चुलवाणात उसाची वाळकी चिपाडे घालायच्या कामावर होता आणि सकाळ-संध्याकाळ पोलीस भरतीसाठी पळत होता. त्यालाही हळदच मिळाली. भरती हुकली. यंदा तो पुन्हा पळतो आहे, आणि त्याचे म्हणणे असे की "पाय बरा हाय, फक्त हळदीचा वास आला की आपोआप जोरात पळतो."

५. म्हणून मी ऑगस्टमध्ये आपल्या कार्यालयास पहिला अर्ज केला की या मेळाव्यात मला दहा मिनिटे, एक नळ आणि भाजलेल्या जखमांची चार चित्रे लावायला जागा मिळावी. मेळाव्याला तालुक्यातले सगळे गुऱ्हाळमालक, गुळवे आणि हळद शिजवणारे येतात. त्यानंतर हंगाम सुरू होतो, आणि एकदा काहील चढली की हे लोक घरच्या लग्नालासुद्धा जात नाहीत, माझ्या भाषणाला काय येणार. म्हणजे १२ तारीख गेली की अख्खा हंगाम पुन्हा हळदीवरच जाणार.

सदर अर्जाचा प्रवास खालीलप्रमाणे झाला. आरोग्य विभागाने कळवले की नळाचा विषय पाणीपुरवठ्याचा आहे. पाणीपुरवठ्याने कळवले की गुऱ्हाळ हा उद्योग आहे, उद्योगाकडे जावे. तिथे समजले की गुऱ्हाळ कारखान्यात मोडत नाही, कृषीकडे जावे. कृषी विभागातले काका फार चांगले होते, त्यांनी मला शेंगदाणे दिले आणि अर्ज नगरपंचायतीच्या अग्निशमन विभागाकडे पाठवला. तिथून उत्तर आले की आग लागली असल्यास तात्काळ कळवावे, नुसता माणूस भाजणे ही आग नव्हे. शेवटी तो पशुसंवर्धन विभागात कसा गेला हे मला अद्याप समजलेले नाही, परंतु त्यांनी लेखी विचारणा केली आहे की सदर गुऱ्हाळात बैल जुंपले जातात काय, व भाजलेल्या जनावराचे वय किती. माझे वय पंधरा आहे. ते मी कळवले आहे.

६. त्यानंतर आपल्या कार्यालयाचे संदर्भीय पत्र आले. त्यात परवानगी नाकारण्याची तीन कारणे आहेत. त्यांतली दोन मी लगेच निकाली काढते, म्हणजे तिसऱ्याला जागा होईल.

पाण्याने आवारात चिखल होईल, हे एक. होणार नाही. खाली टब ठेवू. टबातले पाणी आवारातल्या मागील वर्षीच्या वृक्षारोपणातल्या रोपांना घालू. त्यांतली जी हयात आहेत त्यांना.

हळद व्यापाऱ्यांच्या भावना दुखावतील, हे दुसरे. महोदय, मी सांगली जिल्ह्यात जन्मले आहे, हळदीविरुद्ध बोलायची माझी काय टाप! हळद आमटीत असावी, दुधात असावी, नवरीच्या गालावर असावी. ताज्या भाजलेल्या जखमेवर नसावी, एवढेच. माझी मागणी तिला कामावरून काढण्याची नाही. चुकीच्या विभागात गेलेल्या हळदीची योग्य विभागात बदली व्हावी, इतकीच आहे. आपल्या कार्यालयास या कामाचा अनुभव आहे.

७. तिसरे कारण असे दिले आहे की "भाजलेल्या जखमांची चित्रे ही नागरिकांस विचलित करणारी असल्याने प्रदर्शित करता येणार नाहीत."

याबाबत मी दि. २६ रोजी प्रियंकाला घेऊन समक्ष कार्यालयात आले होते. आपण दौऱ्यावर होता. आवक-जावकच्या साहेबांनी सांगितले, "चित्रं न्हाईत म्हंजे न्हाईत." मी म्हटले, बरे, चित्रे राहू द्या, मग मी माझा हातच दाखवते. तो छापायला खर्च नाही, आणायला गाडी नाही. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला, आणि म्हणाले, "ते पण दृश्यच की गं. त्याला लेखी परवानगी लागंल." प्रियंका म्हणाली, "आवं सायेब, हात तिचा हाय!" त्यावर ते म्हणाले, "हात तिचा, पण आवार शासनाचं."

तरी या निमित्ताने काही मुद्द्यांवर मार्गदर्शन व्हावे. माझा डावा हात हे चित्र आहे की अर्जदाराचा भाग आहे? चित्र असल्यास तो मी आवाराच्या फाटकाबाहेर ठेवून आत यावे काय, व त्याची पोच कोण देईल? सदर हात रोज सकाळी एसटीने प्रवास करतो, त्याचा मनगटाजवळचा भाग बाहीतून डोकावतो, आणि आजवर एकही कंडक्टर विचलित झालेला नाही. सुटे पैसे नसले की मात्र होतो. शाळा, एसटी, रेशन दुकान, कबड्डीचे मैदान व कराडच्या मामाचे घर या ठिकाणी हात नेण्यासाठी स्वतंत्र परवानग्या लागत असल्यास त्या एकत्रित अर्जावर मिळतील काय? आणि माझ्यासारखे हात, पाय, मान, गाल घेऊन या तालुक्यात फिरणारे जे बाकीचे लोक आहेत, त्यांनीही अर्ज करायचे झाल्यास आवक-जावकच्या साहेबांना एक मदतनीस द्यावा लागेल, हेही विचारात घ्यावे.

८. हात दाखवण्याचा हट्ट कशासाठी, असे आपण म्हणाल. आमच्या घरीही तेच म्हणतात. (घरी आम्ही दखनीत बोलतो. कार्यालयाच्या सोयीसाठी पुढील बोलणे गावच्या मराठीत केले आहे.)

आधी पाण्याचे सांगते. अब्बा पाण्याला तयार नव्हते. ते म्हणत, "पाण्यानं फोड येतोय, माझ्या बापानं सांगितलंय." मी त्यांना विचारले, अब्बा, घमेल्यातल्या पाण्यात पाकाचा थेंब टाकला की काय होते? म्हणाले, "गार व्हतोय, जागच्या जागी थांबतोय." मग तोच पाक हातावर पडला तर त्याला थांबवायला पाणी का नको? अब्बांनी विडी पेटवली. मग म्हणाले, "गुळाचं येगळं, माणसाचं येगळं." पण त्यांचा आवाज तितकासा ठाम नव्हता.

पुढे ईद-ए-मिलादच्या दिवशी बिर्याणीच्या डेगीचे झाकण उघडताना वाफ त्यांच्याच मनगटावर आली. "हळद! हळद आणा!" प्रियंका जेवायला आली होती, ती सरळ हळदीच्या डब्यावर जाऊन बसली. मी अब्बांना ओढत नळाखाली नेले. पहिली पाच मिनिटे ते माझ्यावर ओरडले, पुढची पाच पाणी वाया जाते म्हणून ओरडले, म्हणून अम्मीने खाली बादली लावली. मग ओरडायचे थांबले, कारण आग थांबली होती. दुसऱ्या दिवशी गुऱ्हाळावर आण्णांना म्हणाले, "पोरीनं हात वाचिवला, पण बिर्याणी करपली." आता आण्णांनी काहिलीशेजारी नळाची पाइप ओढून घेतली आहे. एका गुऱ्हाळाचे काम झाले. तालुक्यातल्या बाकीच्यांचे मेळाव्यात करायचे आहे.

९. पण अब्बा म्हणतात, "पाण्याचं सांग की, हाताचं कशाला?" आणि अम्मी तर हाताचे नाव काढले की विषयच बदलते. माझ्या सगळ्या बाह्या तिने स्वतः लांब करून शिवल्या आहेत. तिचे म्हणणे, "पोरीची जात हाय. उद्या बघायला येणारे मेळाव्यातच बघून ठेवतील." मी म्हटले, अम्मी, आधीच बघून ठेवले तर आपले चहा-पोहे वाचतील. त्यावर तिला हसू आले, पण तिने ते पदराआड दाबले. त्यामुळे तो होकार समजता येत नाही.

मी त्यांना सांगितले तेच आपणांसही सांगते. जुलैमध्ये मी शाळेच्या परिपाठात हा विषय मांडला. तक्ता केला होता, वीस मिनिटे म्हणून वीस बोटे काढली होती. पाचवीची पोरे एकमेकांना चिमटे काढत होती, वीरधवल सर घड्याळ बघत होते. तक्ता वर धरताना माझी बाही कोपराच्या मागे गेली. आणि सगळे गप्प झाले. मी नेहमीसारखी बाही ओढणारच होते. पण मला वाटले, आता कुठे ऐकायला लागलेत. मी ओढली नाही. तशीच बोलत राहिले, पुढचे सगळे बोलले. नंतर एका पाचवीतल्या मुलीने विचारले, "दीदी, पाणी लावलं असतं तर असं झालं नसतं?" मी म्हटले, बहुतेक इतके झाले नसते. त्या संध्याकाळी तीन बायका आमच्या दारात येऊन वीस मिनिटे म्हणजे नक्की कधीपासून मोजायची ते विचारून गेल्या. अम्मीनेच त्यांना सांगितले, कारण तिला ते आता माझ्यापेक्षा पाठ आहे.

प्रियंका घरी जाताना म्हणाली, "आज पैल्यांदा सगळे तुझ्या हाताकडं बघत व्हते, अन् तू हात मागं घेतला न्हाईस." मी म्हटले, मला आठवलेच नाही. महोदय, नऊ वर्षे मला रोज आठवत होते. तेव्हापासून मी फार बोलते, अशी शाळेची तक्रार आहे. ती मान्य आहे.

१०. तरी वरील सर्व बाबींचा सहानुभूतीपूर्वक विचार होऊन मेळाव्यात दहा मिनिटे, एक नळ व एक टब ठेवण्याइतकी जागा मिळावी, आणि माझ्या डाव्या हातास माझ्यासोबत आत येऊ द्यावे. ज्यांना बघवणार नाही त्यांनी तेवढा वेळ शेजारच्या स्टॉलवर गूळ खावा. तो अब्बांनी केलेला आहे, मन स्थिर होते.

आपली नम्र, आणि उत्तर येईपर्यंत रोज टपाल बघणारी,

अर्शिया चांदसाहेब मुलाणी
मु. पो. पिंपरखोरी
दि. ३ ऑक्टोबर २०२५

सोबत:
(अ) नकाराच्या पत्राची छायाप्रत.
(आ) पशुसंवर्धन विभागाच्या विचारणेची छायाप्रत (माहितीसाठी, तसेच करमणुकीसाठी).
(इ) पल्लवी सिस्टरांनी तपासून दिलेला प्रात्यक्षिकाचा मजकूर.
डावा हात सोबत जोडलेला नाही. तो समक्ष हजर राहील.

प्रत माहितीसाठी:
(१) मा. मुख्याध्यापक, माध्यमिक विद्यालय, पिंपरखोरी.
(२) श्री. चांदसाहेब व सौ. ताहेरा मुलाणी, राहणार आमच्याच घरी. अब्बा, अम्मी, तोंडावर सांगायला गेले की अम्मी विषय बदलते आणि अब्बा गुऱ्हाळावर निघून जातात, म्हणून लेखी कळवते. मी ठरवले आहे. परवानगी आली तर मेळाव्याच्या आत, नाही आली तर फाटकाबाहेर रस्त्यावर, प्रियंकाच्या घरची घागर घेऊन, पण बारा तारखेला मी हात उघडा ठेवूनच उभी राहणार आहे. रागावायचे असेल तर तेरा तारखेला रागवा, त्या दिवशी मी घरीच आहे. नव्या कुर्त्याचे माप काल मी स्वतः शिंप्याकडे देऊन आले. बाही कोपराच्या वर सांगितली आहे.